ढब्बूचे पहिले साठ दिवस: एका पाळीव बेडकाच्या प्रकृतीचा आणि वागणुकीचा प्रकरण अभ्यास

कोल्हापुरात शिवाजी पेठेतल्या एका जुन्या, जाड भिंतींच्या घरात डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात एक बेडूक राहायला आला. घर चांदीच्या व्यापाऱ्यांचे. दुकान गुजरीत आणि माल हुपरीच्या कारागिरांकडून येणारा. घरातल्या नववीत शिकणाऱ्या मुलीचा मामेभाऊ पुण्याहून नोकरीनिमित्त परदेशी निघाला आणि तीन वर्षे सांभाळलेला आपला बेडूक त्याने काचपेटीसकट तिच्या स्वाधीन केला. मी या कुटुंबाचा जुना शेजारी आणि प्राणिशास्त्राचा निवृत्त प्राध्यापक, त्यामुळे पहिल्याच संध्याकाळी मला बोलावणे आले. ज्याने आयुष्यभर बेडूक शिकवला त्याला बेडूक कळत असणार, असा त्यामागचा भाबडा हिशेब होता. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१४ साली विच्छेदन थांबवले, तोपर्यंत मी प्रयोगशाळेत शेकडो बेडूक उघडून दाखवले होते. बेडूक मला आतून पाठ होता. जिवंत बेडूक आज बरा आहे की नाही, हे बाहेरून ओळखण्याची वेळ मात्र माझ्यावर कधीच आली नव्हती. पुढचे साठ दिवस त्या मुलीने आणि मी मिळून ज्या नोंदी ठेवल्या, त्यांवरून हे प्रकरण लिहिले आहे.

प्राणी कोणता होता

हा बेडूक आपल्याकडचा नव्हे. ऑस्ट्रेलियाच्या उत्तर आणि पूर्व भागांत व न्यू गिनीच्या दक्षिण भागात आढळणारा हा हिरवा वृक्षबेडूक पाळणाऱ्यांमध्ये ‘व्हाइट्स ट्री फ्रॉग’ या नावाने ओळखला जातो. जॉन व्हाइट या शल्यचिकित्सकाने १७९० साली त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. त्याच्या शास्त्रीय नावातल्या ‘सेरुलिया’ या शब्दाचा अर्थ निळा असा आहे, कारण टिकवण्यासाठी द्रावात घातलेल्या नमुन्याच्या कातडीतला पिवळा रंग नष्ट झाला आणि निळाच मागे उरला. जिवंतपणी मात्र तो चांगला हिरवागार असतो. गुबगुबीत अंग आणि डोळ्यांवर आलेली चरबीची वळी पाहून घरातल्यांना ढब्बू मिरची आठवली आणि त्याचे नाव ढब्बू पडले. पाळीव अवस्थेत ही जात पंधरा-वीस वर्षे जगू शकते. म्हणजे नववीतल्या मुलीने हाती घेतलेले हे काम तिच्या लग्नकार्यानंतरही चालू राहण्याचा संभव आहे, हे मी तिच्या आईवडिलांना पहिल्याच दिवशी सांगितले.

कायद्याचा विषय इथेच संपवतो. पावसाळ्यात रंकाळ्याच्या काठावर किंवा शेताच्या बांधावर दिसणारे बेडूक पकडून घरी ठेवता येत नाहीत. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ चे संरक्षण आपल्याकडच्या अनेक जातींना आहे आणि बेडकांच्या तंगड्यांची निर्यातही १९८७ पासून बंद आहे. परदेशी प्राण्यांच्या नोंदणीचे २०२४ चे नियम संकटग्रस्त प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या ‘साइट्स’ कराराच्या परिशिष्टांतल्या जातींना लागू होतात. ही जात त्या परिशिष्टांत नाही. तरीही मामेभावाकडून खरेदीची पावती मागवून घेतली आणि ती नोंदवहीच्या पहिल्या पानाला टाचली.

नोंदवही आणि चांदीचा काटा

बेडकाच्या चेहऱ्यावरून काहीच कळत नाही. कुत्रा कण्हतो, मांजर कोपऱ्यात जाऊन बसते, कोंबडी पंख पाडते. बेडूक बरा असतानाही दिवसभर डोळे मिटून, पाय पोटाखाली घेऊन निश्चल बसतो आणि आजारी असतानाही बहुधा तसाच बसतो. त्यामुळे आजचा ढब्बू कालच्या ढब्बूपेक्षा कसा वेगळा आहे, एवढेच आपल्याला विचारता येते, आणि त्यासाठी काल लिहून ठेवलेला असावा लागतो. मुलीने दोनशे पानी वहीत रकाने आखले: बसण्याची जागा, अंगाचा रंग, घशाची हालचाल, खाल्लेले किडे, शी, कात आणि वजन. दिवसातून दोनदा, सकाळी शाळेला निघण्यापूर्वी आणि रात्री नऊ वाजता, पेटीला हात न लावता नोंद करायची असे ठरले. हा प्राणी निशाचर आहे, त्यामुळे रात्रीची नोंद सकाळच्या नोंदीपेक्षा जास्त मोलाची.

वजनाचा प्रश्न घराच्या धंद्याने सोडवला. जोडवी आणि पैंजण तोलायचा दशांश ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा काटा घरात होताच. झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा काट्यावर ठेवून आकडा शून्यावर आणायचा, पावडर नसलेले हातमोजे पाण्याने ओले करून ढब्बूला उचलायचे आणि डब्यात ठेवून आकडा वाचायचा. बेडकाची कातडी पाणी आणि क्षार आत घेते, तशीच आपल्या हातावरचा साबण, तेल आणि घामही आत घेते, म्हणून कोरड्या उघड्या हाताने त्याला धरायचे नाही. वजन आठवड्यातून एकदाच घ्यायचे, हा नियम मी मुलीच्या उत्साहाकडे पाहून मुद्दाम घातला. पहिल्या दिवशी वजन ४१.२ ग्रॅम भरले.

सातव्या दिवशी काट्याने आम्हाला एक धडा शिकवला. ढब्बू डब्यात बसला, आकडा ४०.९ वर स्थिरावला आणि मुलगी तो लिहून घेत असतानाच त्याने डब्यात धार सोडली. त्याला उचलले, डबा पुसला, पुन्हा ठेवले, तर आकडा ३८.४. अडीच ग्रॅम एका क्षणात गेले. काटा बिघडला असे समजून तिच्या वडिलांनी वजनाचा नाणेबाट ठेवून पाहिला, पण काटा बरोबर होता. बेडूक तोंडाने पाणी पीत नाही. पोटाच्या खालच्या बाजूच्या पातळ कातडीतून ते शोषून घेतो आणि मूत्राशयात मोठा साठा बाळगतो. घाबरला की तो साठा सोडून देतो. हे मूत्राशय मी वर्षानुवर्षे चिमट्याने उचलून विद्यार्थ्यांना दाखवले होते, पण त्यातल्या पाण्याला वजन असते आणि ते वजन आपल्या निष्कर्षांना चकवू शकते, हे माझ्या लक्षात गुजरीच्या काट्यावर आले. त्या दिवसापासून वजनाच्या रकान्यात ‘सोडण्यापूर्वी’ आणि ‘सोडल्यानंतर’ असे दोन भाग झाले.

पहिले दहा दिवस

नवीन जागी आलेला बेडूक काही दिवस खात नाही, आणि ते बहुतेक वेळा स्वाभाविक असते. ढब्बूने पहिले पाच दिवस किड्यांकडे पाहिलेसुद्धा नाही. तो पेटीच्या मागच्या कोपऱ्यात, पोथोसच्या, म्हणजे मनीप्लांटच्या, पानाआड, मातकट तपकिरी रंगाचा होऊन बसून राहिला. रंगाने घरातले सगळेच घाबरले. या जातीचा रंग थंडी, उजेड आणि ताण यांप्रमाणे हिरव्यापासून तपकिरीपर्यंत बदलतो, त्यामुळे केवळ रंगावरून निदान करता येत नाही. रंगाबरोबर आणखी काय बदलले ते पाहावे लागते. घशाची हालचाल एकसारखी होती, अंग फुगलेले नव्हते, डोळे स्वच्छ होते. सहाव्या रात्री त्याने दोन रातकिडे खाल्ले आणि आठव्या सकाळी काळपट, घट्ट, किड्यांच्या पायांचे तुकडे दिसणारी शी सापडली. मुलीने त्या रकान्यात लाल पेनाने ‘झाली!!’ असे लिहिले आहे.

रातकिडे मिळवणे हे कोल्हापुरात वेगळेच प्रकरण आहे. ते कुरिअरने मागवावे लागतात, आणि पहिल्या खोक्यातले निम्मे वाटेतच किंवा आल्यावर दोन दिवसांत मेले. शेजारच्या मुलाने वडणग्याच्या बाजूच्या उसाच्या बांधावरून बरणीभर नाकतोडे आणून दिले. मन मोठे होते, पण ते परत सोडायला लावले. ज्या शेतात औषध फवारतात तिथला किडा बेडकाला घालू नये.

नवव्या रात्री अकरा वाजता फोन आला.

“सर, ढब्बूला फिट आलीया. तोंड उघडतोय, मिटतोय, पाठीला बाक काढतोय. पप्पा म्हणत्यात गाडी काढू का?”

तिने पाठवलेले चित्रीकरण पाहून क्षणभर मीही दचकलो. दुसऱ्यांदा पाहताना तोंडाच्या दोन्ही कोपऱ्यांशी पारदर्शक, ओल्या कागदासारखे काहीतरी ताणलेले दिसले. तो कात टाकत होता. बेडूक पाठ वाकवून, पायांनी पुसून जुनी कातडी सैल करतो आणि जांभया दिल्यासारखे तोंड उघडझाप करत ती गिळून टाकतो. पाचदहा मिनिटांत सगळे संपते आणि खाली पुराव्यालाही काही उरत नाही. मी तिला वेळ लिहून ठेवायला सांगितले. एकदा कात टाकणे हे आरोग्याचे लक्षण आहे. तीच कात दर एकदोन दिवसांनी पडू लागली, तुकड्यातुकड्यांनी अंगाला चिकटून राहू लागली, तर ते कातडीच्या रोगाचे लक्षण होऊ शकते. दोन कातींमधले अंतर कळण्यासाठी पहिलीची तारीख हवी.

वाटीत बसलेला बेडूक

दहाव्या दिवसापर्यंत सगळे बेताने चालले होते. पुढे नोंदी पालटल्या. अकराव्या रात्रीपासून ढब्बूने किडे नाकारले. बाराव्या सकाळी तो पाण्याच्या वाटीत बसलेला दिसला आणि तेरावा, चौदावा दिवस त्याने वाटीतच काढला. वृक्षबेडूक रात्री वाटीत उतरतो, पण दिवसाची झोप तो पानावर किंवा काचेला चिकटून घेतो. दिवसभर पाण्यात पडून राहणे हे त्याच्या स्वभावाला धरून नाही. चौदाव्या दिवशी मांड्यांच्या आतल्या बाजूला आणि पोटाच्या खालच्या भागाला फिकट गुलाबी छटा आली. वजन भरले ३८.१ ग्रॅम, आणि ते सोडण्यापूर्वीचे. तीन दिवस पाण्यात बसलेल्या बेडकाचे मूत्राशय भरलेलेच असणार, म्हणजे पाण्यासकट तो आठवड्यापूर्वीच्या रिकाम्या ढब्बूपेक्षाही हलका झाला होता. ही घट खरी होती.

पोटाखालची लाली हे बेडकांच्या बाबतीत गंभीर लक्षण आहे. ‘रेड लेग’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या जिवाणूजन्य रक्तदोषात, ज्यात एरोमोनास हा जिवाणू पुष्कळदा सापडतो, मांड्या आणि पोट लाल होते. दुसरी भीती कायट्रिड बुरशीची. १९९० च्या दशकाच्या अखेरीस ओळखल्या गेलेल्या या बुरशीने जगभर बेडकांच्या अनेक जातींचा घास घेतला. ती कातडीच्या वरच्या थरात वाढते, क्षारांची देवाणघेवाण बिघडवते आणि शेवटी हृदय थांबवते. मलूलपणा, अन्न सोडणे, वाटीत बसून राहणे, लाली आणि वारंवार कात, या तिच्या खुणांपैकी चार आमच्यासमोर होत्या.

पंधराव्या दिवशी आम्ही त्याला ओलसर टिश्यू पेपर घातलेल्या डब्यातून शहरातल्या एका पशुवैद्यांकडे नेले. त्यांच्याकडे मुख्यतः कुत्रीमांजरे येतात. त्यांनी ते मोकळेपणाने सांगितले आणि परदेशी प्राण्यांवर उपचार करणाऱ्या पुण्यातल्या आपल्या सहकाऱ्याला फोन लावून तपासणी केली. त्यांनी ढब्बूला अलगद उताणे केले. तो तत्क्षणी पालथा झाला. जबडा बोटाने हलके दाबून पाहिला. तो टणक होता, म्हणजे कॅल्शियमच्या अभावाने हाडे मऊ पडलेली नव्हती. लाली सर्वत्र सारखी होती, टाचणीच्या टोकाएवढे रक्ताचे ठिपके किंवा व्रण नव्हते. पोट फुगलेले नव्हते. त्यांनी प्रतिजैविक लगेच सुरू केले नाही. तीन दिवस थांबू. मात्र ठिपके दिसले, उताणा केल्यावर उलटायला उशीर लागला, अंग फुगले किंवा तो हातपाय सैल सोडून पडला, तर त्याच रात्री घेऊन या, असे बजावले. औषध न देण्याचा निर्णय घ्यायलाही अनुभव लागतो.

शी तपासण्याचे काम माझ्या जुन्या सूक्ष्मदर्शकावर झाले. आदल्या दिवशीची सुकलेली शी त्यासाठी निरुपयोगी; परतीच्या वाटेवर डब्यातच मिळालेली ताजी, पातळसर शी मिठाच्या सौम्य द्रावणात काचपट्टीवर घेतली. पाहतो तर चपट्या, पानासारख्या, केसाळ कडांच्या पेशी थव्याने पोहत होत्या. मुलगी किंचाळलीच. मला मात्र जुना मित्र भेटल्यासारखे झाले: ती ओपॅलिनाच्या कुळातली मंडळी होती. बेडकाच्या मोठ्या आतड्यात ही राहतातच आणि त्याला त्यांचा उपद्रव नसतो. पदवीच्या प्रात्यक्षिकात आम्ही ती मुद्दाम शोधून दाखवायचो. त्यांच्याबरोबर सूत्रकृमींच्या थोड्या अळ्याही दिसल्या. पशुवैद्यांनी जंताचे औषध पुढे ढकलले, कारण आधीच खंगत चाललेल्या प्राण्याला ते देण्यापेक्षा तो सावरल्यावर पुन्हा तपासणी करणे त्यांना शहाणपणाचे वाटले.

माणसांचा रकाना

त्या संध्याकाळी मी घरी जाऊन नोंदवही पहिल्या पानापासून वाचली. बेडकाचे सगळे रकाने भरलेले होते. अकराव्या दिवशी काहीतरी बिघडले हे त्यांत स्पष्ट दिसत होते, पण कशाने बिघडले याचा मागमूस नव्हता. मुलीची आजी दाराशी बसून टाचांना कोकम तेल चोळत होत्या.

“सर, हवा लई कोरडी पडलीया बघा औंदा,” त्या म्हणाल्या. “माझ्या टाचा उलल्यात. त्या मुक्या जिवाला पाण्यात बसावं वाटलं तर नवल काय?”

मी म्हणालो, “वहिनी, पेटीतला काटा साठ टक्के ओल दाखवतोय.” आणि बोलता बोलताच माझ्या लक्षात आले की तो काटा मी पहिल्या दिवसापासून साठवरच पाहत आलो आहे. मामेभावाने काचेला चिकटवलेला तो तबकडीचा आर्द्रतामापक होता. तो काढून, झाकणाच्या डब्यात चमचाभर ओल्या मिठाशेजारी रात्रभर ठेवला. ओल्या मिठावरच्या बंद हवेत आर्द्रता पंच्याहत्तर टक्क्यांच्या आसपास स्थिरावते. सकाळी काटा साठवरच होता. दुसरा, आकडे दाखवणारा मापक आणून पेटीत ठेवला, तर त्याने ३३ टक्के दाखवले. या जातीला साधारण पन्नास ते सत्तर टक्क्यांची हवा मानवते.

मग मी घरातल्या सगळ्यांना बसवले आणि नोंदवहीच्या उजव्या पानावर नवा रकाना आखला: माणसांनी काय केले. आठवून, कॅलेंडर पाहून, पावत्या काढून तो मागच्या तारखेने भरला. त्यातून हकिगत अशी उलगडली.

पहिल्या आठवड्यात रात्री पेटीतले तापमान सतरा-अठरा अंशांपर्यंत उतरत होते. थंडी फार पडली म्हणून दहाव्या दिवशी वडिलांनी साठ वॅटचा पिवळा बल्ब आणून पेटीच्या जाळीवर टांगला; तारीख इलेक्ट्रिकच्या दुकानाच्या पावतीवरून पक्की झाली. हेतू चांगला आणि गरजही खरी होती. परंतु अठरा अंशांची, साठ टक्के आर्द्रतेची हवा तीस अंशांपर्यंत तापवली की तिच्यातली वाफ तेवढीच राहूनही आर्द्रता निम्म्यावर, तीस टक्क्यांच्या आत येते, आणि वरच्या जाळीतून उरलीसुरली ओलही निघून जाते. शिवाय बल्ब रात्री अकरापर्यंत जळत असल्याने ढब्बूच्या लेखी रात्रच होत नव्हती. जो प्राणी अंधारात शिकारीला निघतो त्याने किडे का नाकारले, याचे उत्तर त्यातच असावे. शेवाळ कोरडे दिसू लागले म्हणून मुलीने पाण्याची फवारणी दिवसातून एकवरून सहावर नेली. मी तिला नळाचे पाणी उघड्या बादलीत चोवीस तास शिळे करून वापरायला सांगितले होते, आणि ती ते करतही होती. पण सहा फवारण्यांना बादली पुरेना, म्हणून ती सकाळी नळाला आलेले ताजे पाणी बाटलीत आणि वाटीतही भरू लागली. एकाने थंडीवर उपाय केला, त्यातून कोरडेपणा आला. दुसरीने कोरडेपणावर उपाय केला, त्यातून क्लोरीन आले. दोघांपैकी कोणीही दुसऱ्याला सांगितले नाही, कारण सांगण्यासारखे काही घडले आहे असे कोणालाच वाटले नव्हते.

त्याच रकान्यात आणखी एक गोष्ट निघाली. त्या खोलीत रोज संध्याकाळी डासांच्या लिक्विडचे यंत्र लावले जात होते, पहिल्या दिवसापासून. रातकिड्यांचे खोके त्याच खोलीत, त्याच बोर्डाखाली होते. किडे थंडीने मेले असे आम्ही मानत आलो होतो. कीटक मारण्यासाठी बनवलेले द्रव्य हवेत सोडून त्याच हवेत कीटक जगवण्याची आमची अपेक्षा होती.

एकेक बदल

आता सगळे एकदम बदलण्याचा मोह होता. तसे केले असते तर ढब्बू बरा झाला असता, पण कशाने ते कळले नसते, आणि पुढच्या थंडीत पुन्हा चाचपडत बसावे लागले असते. म्हणून सोळाव्या दिवशी फक्त बल्ब काढला. त्याऐवजी पेटीच्या बाजूच्या काचेला बाहेरून उष्णता देणारी पट्टी लावून ती थर्मोस्टॅटला जोडली आणि वरची निम्मी जाळी काचेने झाकली. दिवसा सव्वीस, रात्री एकवीस अंश आणि आर्द्रता साठीच्या घरात असे आकडे दुसऱ्या दिवसापासून मिळू लागले. डासांचे यंत्र मात्र त्याच दिवशी बंद केले, कारण ते आणखी एक रात्रही चालू ठेवायला माझे मन धजेना. तेवढी या अभ्यासातली त्रुटी.

अठराव्या रात्री नऊच्या नोंदीत ‘वाटीत नाही. काचेवर, वर, डावीकडे’ असे आहे. लाली मात्र तशीच होती, आणि त्याच दिवशी पशुवैद्यांना मोबाइलवर पाठवलेल्या छायाचित्रांवरून ती वाढलेली नाही असे ठरले. एकोणिसाव्या दिवशी पाण्याकडे वळलो. पाण्यातले क्लोरीन तपासायला गावोगावचे पाणीपुरवठा कर्मचारी करतात ती ऑर्थोटोलिडीनची, म्हणजे ‘ओटी’, चाचणी आम्ही घरात केली: फवारणीच्या बाटलीतल्या पाण्यात थेंब टाकताच ते पिवळे झाले, बादलीतले शिळे पाणी पांढरेच राहिले. पिण्याच्या पाण्यात ग्राहकापर्यंत लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावे असे मानक सांगते, आणि आपल्यासाठी ते योग्यच आहे; ज्याची कातडीच पाणी पिते त्याच्यासाठी नाही. दुसरी बादली विकत आणली. एक आज भरायची, एक काल भरलेली वापरायची. हे शिळे करणे साध्या क्लोरीनलाच लागू पडते. जिथे पाण्यात क्लोरॅमिन, म्हणजे क्लोरीन आणि अमोनियाचे संयुग, वापरतात तिथे मत्स्यालयाच्या दुकानातले थायोसल्फेटचे थेंबच घालावे लागतात. चोविसाव्या दिवशीच्या नोंदीत पोटाचा रंग ‘दुधी, पूर्वीसारखा’ असा आहे. लाली क्लोरीननेच आली होती असे मी शपथेवर सांगणार नाही, पण बल्ब गेल्यावर ती राहिली आणि पाणी बदलल्यावर गेली, हा क्रम वहीत आहे.

विसाव्या रात्री त्याने चार रातकिडे खाल्ले. कॅल्शियमची पूड लावलेले किडे आठवड्यातून दोनतीनदा, प्रत्येक वेळी चार ते सहा, असा क्रम बसला. यापेक्षा जास्त घालू नये, कारण ही जात खादाड आहे आणि डोळ्यांवरची वळी खाली लोंबून दृष्टी अडवेपर्यंत लठ्ठ होते.

कायट्रिडची टांगती तलवार लक्षणे ओसरली तरी लगेच उतरली नाही. म्हणून साठ दिवस पूर्ण विलगीकरण पाळले: ढब्बूची वाटी, चिमटा आणि बादली वेगळी, आणि पेटीतले सांडपाणी परसात किंवा गटारात न ओतता ब्लीच घालून, थांबून, मगच मोरीत. घरातल्यांना हा सोवळ्याचा अतिरेक वाटला. परंतु कोल्हापूरपासून सह्याद्री हाकेच्या अंतरावर आहे. राधानगरी आणि आंबोलीच्या रानांत जगात दुसरीकडे कुठेही न सापडणारे बेडूक राहतात. उत्तर सह्याद्रीतल्या बेडकांमध्ये या बुरशीचा संसर्ग आढळल्याचे २०१३ साली प्रसिद्ध झालेले आहे. बाहेरच्या बेडकाबरोबर आलेला बाहेरचा वाण आपल्या परसातून ओढ्यात जाऊ देणे हा साधा निष्काळजीपणा ठरला नसता.

साठाव्या दिवशी वजन ४२.६ ग्रॅम भरले, सोडल्यानंतरचे. दुसऱ्या तपासणीत ओपॅलिना भरपूर, अळ्या नाहीत. कातीची नोंद एकूण सहा वेळा, सरासरी नऊ दिवसांच्या अंतराने. ढब्बू नर की मादी हे तोपर्यंत कोणालाच ठाऊक नव्हते. तो आल्यापासून मुका होता. त्या दिवशी रविवार होता, आणि वहीतली शेवटची नोंद मुलीच्या अक्षरात दोन्ही पानांवर मिळून अशी आहे. डाव्या पानावर: ‘दुपारी १२.१०. क्रॉक-क्रॉक-क्रॉक, अकरा वेळा. घसा फुग्यासारखा. नर.’ उजव्या पानावर, माणसांच्या रकान्यात: ‘दुपारी १२.१०. आजीने पांढऱ्या रश्श्याचे वाटण मिक्सरला लावले.’